चिरंजीवांची विशेष कौशल्ये

नट व्हायचं तर बायोडेटा लागतो, हे चिरंजीवांना ऑडिशनच्या आदल्या दिवशी कळलं. बाबांनी आधीच बजावलं होतं, "ही शेवटची. नाही जमलं तर सोमवारपासून मामाच्या रंगाच्या दुकानात डबे ढवळायचे." त्यामुळे लिहिण्याचं काम ताईकडे गेलं. ताई विमा कचेरीत होती आणि फॉर्ममधला एखादा रकाना रिकामा सोडणं तिच्या जिवावर यायचं.

"अनुभव?" तिने विचारलं.

"एक नाटक. प्रेताचं काम."

"त्यात बोललास काय?"

"प्रेत काय बोलणार, ताई?"

ताईने जरा विचार करून टाइप केलं : 'तिन्ही अंक रंगमंचावर अखंड उपस्थिती. संपूर्ण कथानक याच्याभोवती फिरते.' यातला एक शब्दही खोटा नव्हता.

"आता विशेष कौशल्ये. पोहता येतं? गाणं? घोड्यावर बसणं?"

चिरंजीवांनी तिन्हींना नकारार्थी मान हलवली. आई मदतीला धावली. "कुठेही झोपतो, असं लिही. मागे बसमध्ये उभ्याउभ्या झोपला होता."

"कानाशी ताट बडवलं तरी उठत नाही," पेपरमागून बाबांनी भर घातली.

ताईने तेही कचेरीच्या भाषेत बसवलं : 'कोणत्याही परिस्थितीत दीर्घकाळ निश्चल राहण्याची क्षमता.'

दुसऱ्या दिवशी मालिकेच्या दिग्दर्शिकाबाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढून चिरंजीवांकडे आदराने पाहिलं. "तिन्ही अंक! म्हणजे नायकाची भूमिका?"

"हो. म्हणजे... नायक वारल्यानंतरची."

बाईंचं एव्हाना अर्धंच लक्ष होतं. "छान. त्यातलाच एखादा प्रसंग करून दाखवा."

आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर डोळ्यांपुढे रंगाचे डबे. चिरंजीव निमूटपणे सतरंजीवर आडवे झाले. धास्तीने आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. पाठ टेकायचा अवकाश, स्वारी गाढ झोपली.

बाई "थँक्यू" म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. मग दिव्याचा स्टँड कोसळला, पुढच्या मुलीने काळीज चिरणारा आक्रोश करून दाखवला, चहावाला त्यांना ओलांडून गेला. चिरंजीव ढिम्म. फोन उचलत नाही म्हणून बाबा शोधत आले, दारातून ते ओळखीचं दृश्य पाहिलं आणि सवयीने ओरडले, "अरे ऊठ! इथेही तेच?"

"श्श!" बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "कॅमेरा चालू आहे."

मालिका राहिली बाजूला. बाईंकडे गादीची एक जाहिरात कधीची अडून बसली होती. येईल तो नट झोपेचा सुंदर अभिनय करायचा आणि पापण्या थरथरून सगळं मुसळ केरात. असा झोपणारा त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. चिरंजीवांना उठवून बातमी सांगायला मात्र दोन माणसं लागली.

मामाला बातमी कळवायची राहून गेली होती; सोमवारी तो ठरल्याप्रमाणे भाच्याला न्यायला आला. ऊन चांगलं वर आलं होतं आणि आतून घोरणं ऐकू येत होतं.

"अजून लोळतोय? उठवा की त्याला!" मामा कडाडला.

बाबांनी धावत जाऊन खोलीचं दार अलगद ओढून घेतलं.

"हळू बोल," ते दबक्या आवाजात म्हणाले, "उद्या शूटिंग आहे. तालीम चाललीय त्याची."