आठ खुर्च्या, बारा पाहुणे

"आठ खुर्च्या आहेत आपल्याकडे," वहिनी म्हणाल्या, "आणि तुम्ही बारा माणसं जेवायला बोलावून बसलात!"

"बारा बोलावली म्हणजे बारा येणार, असं थोडंच आहे?" अंदाजपंत चहा ढवळत म्हणाले. "एकाचं डोकं दुखेल, एकाकडे पाहुणे टपकतील, एक विसरेल आणि एक येतो येतो म्हणत येणार नाही. उरले आठ. आपण दोघं काय, वाढायला उभेच. खुर्ची म्हणून रिकामी राहता कामा नये."

"अहो, जेवायला बोलावलंय की विमानात बसवताय?"

"तत्त्व एकच."

अंदाजपंत हे नाव त्यांना कचेरीनं दिलेलं. विमान कंपनीच्या नियोजन खात्याचे ते प्रमुख. कुठल्या विमानाची किती तिकिटं विकायची, हे ते ठरवत.

वहिनी या घरात नव्यानं आल्या, तेव्हा असलं काही ठरवावं लागत नसे. परदेशी जायचं तर यांच्याच कंपनीचं विमान. कोणी कुठून कुठे उडायचं, भाडं किती घ्यायचं, हे दोन्हीकडची सरकारं बसून ठरवत. निम्म्या खुर्च्या रिकाम्या गेल्या तरी कोणाचं काही बिघडत नसे. प्रवासी तीन खुर्च्यांवर ऐसपैस आडवे होत, हवाई सुंदरी उशी आणून देई आणि जेवणासोबत चांगले जड चमचे मिळत. त्यांतले काही अजून वहिनींच्या खणात होते. ते तिथे कसे आले, हे घरात कोणी विचारत नसे.

मग सरकारांनी जुने करार गुंडाळून ठेवले, आकाश सर्वांना मोकळं केलं आणि गुळाला मुंगळे लागावेत तशा नव्या कंपन्या लागल्या. तिकीट मातीमोल, पण पाणी वेगळं, पिशवी वेगळी, खिडकी वेगळी. जुन्या कंपनीच्या तोंडचं पाणी पळालं. आधी चमचे गेले, मग उशा गेल्या, आणि मग अंदाजपंतांचे दिवस आले. तिकीट काढूनही थोडे लोक येत नाहीतच. तेव्हा खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं विकावीत, ही विद्या त्यांनी आत्मसात केली. कधीमधी सगळेच प्रवासी उगवत. मग कोणाला तरी काहीतरी देऊन, गोड बोलून, उतरवावं लागे.

तेवढ्यानंही भागेना, तेव्हा कंपनीनं पलीकडच्या देशातल्या मोठ्या कंपनीशी हातमिळवणी केली. तिकीट यांनी विकायचं, विमान त्यांनी उडवायचं. आता दोन कंपन्यांना दोन नियोजन खाती कशाला? एक बंद होणार होतं. कुठलं, ते ठरवायला तिकडचे मोठे साहेब आले होते. आपलं खातं म्हणजे कसं एक कुटुंब आहे, हे दाखवायला अंदाजपंतांनी साहेबांसकट सगळ्या खात्याला घरी बोलावलं होतं. अन्न मात्र वहिनींनी गुपचूप बाराजणांचं शिजवलं. त्यांचा अंदाजावर विश्वास नव्हता.

संध्याकाळी सगळ्यांत आधी आला तो खात्यातला नामांकित विसरभोळा. तोही अर्धा तास लवकर. मागोमाग डोकेदुखीवाला आला, कपाळाला बाम चोपडून. तिसऱ्याकडे खरंच पाहुणे आले होते. त्यांना घरी बसवून तो आला होता. शेवटी तापानं फणफणलेला एकजण मफलर गुंडाळून दारात उभा राहिला.

"अहो, तुम्ही अंथरुणात असायला हवं!" अंदाजपंतांच्या आवाजात काळजी होती, पण ती तापाची नव्हती.

"छे छे! मला काय झालंय?" तो थरथरत म्हणाला.

स्वयंपाकघरात वहिनींनी नवऱ्याला गाठलं. "ज्या जेवणावर नोकरी अवलंबून, ते कोण चुकवेल? एवढंसं कसं कळलं नाही तुम्हाला?"

"आकड्यांत तसं दिसत नाही गं ते."

आठजण बसले होते. उरलेले चौघे भिंतीला टेकून कौतुकानं पडदे बघत होते. साहेब मात्र खुर्चीत बसून नुसते बघत होते. अंदाजपंतांनी सवयीनं घसा खाकरला.

"मंडळी, कोणी आपली खुर्ची सोडायला तयार आहे का? त्यांना पुढच्या रविवारी खास जेवण!"

कोणी हललं नाही.

"जेवण, आणि वर केकचा मोठा तुकडा!"

तरी कोणी हललं नाही. हलणार कसं? सगळी याच धंद्यात मुरलेली माणसं. पहिल्या बोलीला उठतो तो मूर्ख, हे त्यांना अंदाजपंतांनीच शिकवलं होतं. बोली वाढत वाढत अख्ख्या केकपर्यंत गेली. बसलेले अधिकच रेलून बसले.

वहिनींनी हात पुसले आणि जिन्यापलीकडचं दार वाजवलं.

तिथे हेडबाई राहत. शाळेतून निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी त्यांच्यासमोर आपोआप ताठ उभं राहावंसं वाटे. वहिनींच्या घरचं चपलांचं कपाट बाहेर जिन्यात, त्यांच्या दाराला खेटून होतं, त्यावरून दोन्ही घरांचं बोलणं कधीचं बंद होतं. दार उघडलं.

"काय गं? वाट चुकलीस?"

"बाई, आमच्याकडे चार माणसं जास्त झालीत. जेवण माझं, टेबल तुमचं. चालेल?"

हेडबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि ते कपाट?"

"उद्या सकाळी हलवते."

"उद्या नाही. आत्ता. माझ्या डोळ्यांदेखत."

वहिनींनी पदर खोचला, आणि दोघींनी मिळून कपाट ढकललं. आतली एक चप्पल जिन्यावरून टपाटप खाली गेली. हेडबाईंना हसू आलं, मग वहिनींनाही.

वहिनी घरात येऊन म्हणाल्या, "बोलावणं आमचं, जेवण आमचंच, बसायचं मात्र समोर. कोण येतंय?"

मोठे साहेब ताडकन उठले. "मी!"

"साहेब, तुम्ही कशाला? तुम्ही बसा ना!" अंदाजपंत आडवे आले.

"बसून कंटाळलो हो. सगळे माझ्याकडेच बघताहेत."

साहेब आणि उभे असलेले चौघे समोर गेले. थोड्या वेळानं पलीकडून हसण्याचा आवाज आला. हेडबाई साहेबांना पाढे विचारत होत्या, आणि साहेब चुकत होते. मग इकडच्यांनाही राहवेना. एकजण मीठ मागायला म्हणून गेला, तो आलाच नाही. दुसरा त्याला बोलवायला गेला. बघता बघता सगळे आपापली ताटं घेऊन पसार झाले. तिकडे कोणी पलंगावर बसलं, कोणी खिडकीत. तापवाल्यानं आरामखुर्ची पटकावली.

अंदाजपंत भरल्या टेबलाशी उभे राहिले. समोर आठ खुर्च्या; आठही रिकाम्या. उभ्या नोकरीत असं विमान त्यांनी उडू दिलं नव्हतं.

निघताना साहेबांनी विचारलं, "समोरच्यांना सामील करून घ्यायचं, हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"त्याला डोकं कशाला लागतंय?" वहिनी म्हणाल्या. "दार वाजवलं."

साहेब जिन्यात पोचल्यावर वळून म्हणाले, "पंत, तुमचं खातं राहील. मात्र अंदाज बांधलात की आधी घरी दाखवत चला."

त्या रात्री वहिनींनी खणातले ते जुने, जड चमचे घासूनपुसून काढले आणि एक जोडी हेडबाईंना दिली. जाणं-येणं सुरू झालं. महिन्याभरानं हेडबाईंनी दोघांना जेवायला बोलावलं. दोघं गेले, तर टेबलाभोवती त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी दाटीवाटीनं बसलेल्या, आणि खुर्ची एकच रिकामी.

"अरेच्चा, दोघंही आलात?" हेडबाई म्हणाल्या. "तुमचं दोघांचं रोज एकदा तरी वाजतंच; दारातून ऐकू येतं सगळं. म्हटलं, एकजण रुसून घरी राहील."

अंदाजपंतांनी हेडबाईंकडे अशा काही आदरानं पाहिलं, की तसं त्यांनी साहेबांकडेही पाहिलं नव्हतं.

"मी उभा राहीन," ते हळूच म्हणाले. "बदल्यात काय देणार?"

"तुमचं कपाट परत माझ्या दाराशी ठेवा. माझी हरकत नाही."

पहिली बोली कधी घ्यायची नसते. अंदाजपंत हाताची घडी घालून दुसऱ्या बोलीची वाट बघत उभे राहिले. तोवर वहिनींनी खुर्ची ओढून घेतली होती, आणि त्यांचा भात निम्मा संपलाही होता.