सहा महिन्यांत माती

निवृत्त अभिलेखपालांनी बायकोच्या गुलाबांच्या वाफ्यात फावडं घातलं, तेव्हाच खरं तर घरात खटला उभा राहिला. कोर्टातला नंतरचा.

झालं एवढंच, की कचऱ्याच्या पिशव्यांच्या पुडक्यावर कागदी चिठ्ठी होती : 'सहा महिन्यांत मातीत पूर्ण विरघळते.' लेखी मजकुरावर अभिलेखपालांचा देवापेक्षा जास्त विश्वास. खत होईल, गुलाब ताटाएवढे येतील, असं बायकोला सांगून त्यांनी अख्खं पुडकं पुरलं. दोन वर्षांनी गुलाब मेले. खणून पाहिलं, तर मुळांना विळखा घालून तीसच्या तीस पिशव्या, आत्ताच दुकानातून आणल्यासारख्या चकचकीत.

बायकोनं अबोला धरला. असा, की मिठाची बरणी हवी असली तरी ती मांजराला सांगे. "कंपनीला चूक कबूल करायला लावीन, मगच बोल माझ्याशी," म्हणून अभिलेखपालांनी सगळा ऐवज मातीसकट गाठोड्यात बांधला, लाखेचं सील ठोकलं आणि ग्राहक न्यायालय गाठलं.

अकरा तारखा पडल्या. कधी कंपनीचे वकील आजारी, कधी फाइल आजारी. अभिलेखपाल प्रत्येक वेळी गाठोडं घेऊन हजर. शिपाई त्यांना 'माळीकाका' म्हणू लागला.

बाराव्या तारखेला न्यायाधीशबाईंनी सील फोडायला लावलं. "पिशव्या दिसल्या. तो दावा कुठं छापलाय?"

अभिलेखपालांनी माती उपसली आणि त्यांचा चेहरा पडला. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मालापासून कागद कधी वेगळा होऊ दिला नव्हता. त्याच सवयीनं चिठ्ठी पुडक्याला टाचून तीही पुरली होती. टाचणी सापडली. चिठ्ठी मातीत पूर्ण विरघळली होती.

"आमच्या कंपनीनं असं काही छापलेलंच नाही," वकीलसाहेब म्हणाले.

मागच्या बाकावरून बायको वर्षभरात प्रथमच थेट नवऱ्याशी बोलली. "खटल्याआधीच पुरावा गाडणारा माणूस माझ्याच नशिबी यायचा होता."

न्यायाधीशबाई फाइल मिटायलाच निघाल्या होत्या. पण जिंकत आलेल्या वकिलाला गप्प बसवणारं औषध अजून निघालेलं नाही. कोट सावरत ते हसले. "आणि बाईसाहेब, चिठ्ठी विरघळलीच ना? 'विरघळते' हे आम्ही त्या चिठ्ठीबद्दलच लिहिलं होतं."

न्यायाधीशबाईंनी पेन पुन्हा उचललं. "म्हणजे लिहिलं होतं."

शिपायानं वकीलसाहेबांना पाणी दिलं.

महिन्याभरानं निकाल घरी आला. कंपनीनं यापुढे पुडक्यावर ठळक अक्षरांत 'ही पिशवी मातीत विरघळत नाही' असं छापायचं, आणि गुलाबांचा वाफा नव्यानं लावून द्यायचा. अभिलेखपालांनी तो बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. मांजराला मध्ये न घेता ती म्हणाली, "छान झालं हो."

मग अभिलेखपालांची नजर निकालाच्या चकचकीत पाकिटावर गेली. कोपऱ्यात बारीक छापलं होतं : 'तीन महिन्यांत मातीत पूर्ण विरघळते.' त्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं, आणि खिडकीतून बागेकडे पाहिलं.

बायको उठली, फावडं कपाटात ठेवलं आणि कुलूप लावून किल्ली मुठीत धरली.