रकाना सात : अपेक्षित टाके

हेडक्लार्कच्या डोक्यात गाठ निघाली. साधी, कर्करोगाची नव्हे. पण ती डोळ्याच्या नसेवर दाबत होती आणि डाव्या डोळ्याची नजर उतरत चालली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कवटी उघडायची नाही. नेम धरून किरण सोडायचे. गुरुवारी सकाळी या, संध्याकाळी घरी. तारीख मात्र चुकवू नका, पुढची चार महिन्यांनी आहे. तोवर डोळा टिकेलच असं नाही."

किरकोळ रजा तपासण्यांतच संपली होती. म्हणून हेडक्लार्कनी शस्त्रक्रिया-रजेचा अर्ज भरला आणि रकाना सातमध्ये, अपेक्षित टाक्यांपुढे, प्रामाणिकपणे शून्य लिहिलं. अर्ज तासाभरात परत आला.

"टाके नाहीत म्हणजे शस्त्रक्रिया नाही," रजा विभागाच्या साहेबांनी शांतपणे समजावलं. "शस्त्रक्रिया नाही म्हणजे आजार नाही. मग रजा कशाची?"

"पण गाठ आहे ना, साहेब. हा फोटो बघा."

"गाठीला रकाना नाही."

हेडक्लार्कनी फोटो परत पाकिटात घातला. रकाना सात दहा वर्षांपूर्वी त्यांनीच घातला होता, खोट्या आजारांना आळा बसावा म्हणून.

घरीही तीच तऱ्हा. "पट्टी नाही, टाके नाहीत," बायको म्हणाली, "तुमच्या आत्याबाईंना मी दाखवू काय? त्या म्हणतील, सोंग आहे."

साहेब मनाने चांगले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जवळ बोलावून सांगितलं, "टाके कुठे पडावेत, याबद्दल नियम काही बोलत नाही."

बुधवारी दुपारी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने हेडक्लार्कच्या धडधाकट हातावर चीर देऊन तीन टाके घातले. रजा तत्काळ मंजूर झाली.

गुरुवारी सकाळी हात टम्म सुजला होता आणि अंगात सणसणून ताप होता. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. एवढ्या तापात किरण देता येणार नव्हते.

भेटायला मात्र सगळं ऑफिस लोटलं. आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. साहेबांनी पट्टी निरखून पाहिली, "याला म्हणतात आजार" असं म्हणाले आणि रजा आठ दिवस वाढवून दिली.

हात आता अगदी छान आहे. डाव्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो, पण त्याचं कुणी विचारलं नाही. हात बरा झाला म्हटल्यावर तुम्हीही हुश्श केलंत. हेडक्लार्कनी ते उजव्या डोळ्याने पाहिलं.