पत्र्याचे छत्र

घरात येणाऱ्या नव्या वस्तूला हळदकुंकू लावल्यावाचून वापरायचे नाही, हा तुलारामजींचा नेम होता. शेतातल्या पंपापुढे त्यांनी नारळ फोडला होता, मिक्सरला ओवाळले होते, आणि सुनेच्या स्कूटरला तर इतका दीर्घ मंत्रघोष ऐकवला होता की ती त्या दिवशी सुरूच झाली नाही. (बॅटरी उतरली होती; तुलारामजींच्या मते तिची समाधी लागली होती.) तेव्हा छतावर उपग्रहाचे इंटरनेट अवतरल्यावर केवळ हळदकुंकवावर थांबणे त्यांना अपुरे वाटले, यात नवल ते काय?

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यामुळे उठून नव्या जागी वसलेले त्यांचे गाव. मोबाइलला रेंज हवी, तर धरणाच्या भिंतीपर्यंत जावे लागे. सून गुंजन गावातल्या बायांना सोबत घेऊन चिन्नोर तांदूळ निवडून, पाकिटे भरून विकत असे. पुण्याच्या एका हॉटेलवाल्याने कळवले होते, की तांदूळ शिजवून व्हिडिओवर समोर दाखवा, मग वर्षभराचा सौदा करू. त्यासाठीच मुलगा योगेंद्र याने हे यंत्र बसवले. पूजेच्या पाटाएवढे, पांढरे, सपाट, आणि तोंड थेट आभाळाकडे.

"बाबा, याले फक्त आभाळ मोकळं पाहिजे. मधात काहीच नको," असे तो बजावत होता, तेव्हा तुलारामजी माळ ओढत होते. त्यांनी मान डोलावली. (ती नामाच्या तालावर डोलत होती, हे योगेंद्राच्या ध्यानात आले नाही.)

कॉलच्या दिवशी योगेंद्र सकाळीच भंडाऱ्याला कामावर गेला आणि तुलारामजी स्नान आटोपून छतावर आले. पाहतात तो यंत्र उन्हात एकटे पडलेले. आकाशातून निरोप आणणारा हा दूत, आणि त्याच्या मस्तकावर साधी सावली नसावी? गोठ्याचा उरलेला पत्रा, चार बांबू, सुतळी आणि आंब्याच्या पानांचे तोरण एवढ्या सामग्रीत छत्र उभे राहिले. दोन पावले मागे सरून त्यांनी हात जोडले. त्यांच्या हातून इतके सरळ असे काही आजवर उभे राहिले नव्हते.

खाली चिन्नोरच्या भाताचा दरवळ ओसरीपर्यंत पोचला होता. बाया नवी लुगडी नेसून बसल्या होत्या. लॅपटॉपवर मात्र एक गोल नुसता फिरत होता.

"मामाजी, काल तं मस्त चालून राहिलं होतं," गुंजन म्हणाली. "आज काहून येत नाही?"

"उपग्रह आहे बेटा," तुलारामजी निःशंकपणे म्हणाले. "परिक्रमेवर असेल. येईल."

"त्याले परिक्रमा आजच कायले सुचली?" पत्नी गोदावरीबाईंनी विचारले. "अन् सकाळी तुम्ही छतावर काय ठोकत होते जी?"

"सेवा करत होतो."

"कोनाची?"

"निष्काम सेवेत असं विचारत नसतात."

त्यांनी यंत्राला जोडलेला घरातला वायफायचा डबा बंद केला, चालू केला, देवघराच्या बाजूला वळवला, वायरीवर फुंकर मारली. गोल फिरतच राहिला. गुंजन लॅपटॉपपुढून उठली. "मामाजी, हा सौदा गेला तं साऱ्या बायांचा तांदूळ पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या दारात जाईन. पडेल भावात."

तुलारामजींना हे सोसवले नाही. धीर देण्याचा त्यांना एकच मार्ग ठाऊक होता. दर एकादशीला ते घरात करत, तेच निरूपण त्यांनी आरंभले. "बेटा, देव कुठे जात नाही. तो वर आहेच. आपल्या आणि त्याच्या मधात एक पडदा असतो, आणि तो पडदा आपणच आपल्या हातानं..."

हे निरूपण गोदावरीबाईंनी लग्नापासून ऐकले होते. पण ते ऐकता ऐकता छताकडे पाहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. त्या उठल्या आणि जिना चढून गेल्या.

"अवो महाराज!" वरून हाक आली. "या वरतं! तुमचा पडदा सापडला!"

तुलारामजी वर पोचले, तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "पोरानं काय सांगतलं होतं?"

आता मात्र योगेंद्राचे शब्द त्यांना अक्षरशः आठवले. "पण देवाला उघड्यावर कसं ठेवायचं?"

"त्याले आभाळ पाहाचं हाये, अन् तुम्ही त्याच्या डोळ्यावर टोपी ओढली! काढा!"

सुतळ्या तोडून त्यांनी छत्र उचलले. गोदावरीबाई खाली उतरतात तोच आतून गुंजन ओरडली, "आलं! आलं!" या आनंदात आपलाही वाटा आहे, असे वाटून तुलारामजी पत्रा डोक्यावर घेऊनच धावत उतरले आणि दारात उभे राहिले.

"भात सुरेख दिसत होता," पुण्याचे गृहस्थ पडद्यावरून म्हणत होते. "एकदम अंधार झाला. नेट गेलं का?"

"नाही सर, नेट हाये." गुंजनने मागे वळून पाहिले. दारातले सारे ऊन पत्र्याने अडवले होते आणि तोरणाची पाने वाऱ्यावर हलत होती. "मामाजी, जरा सरका ना."

तुलारामजी सरकले. ऊन ताटात पडले, भाताचे शीत न् शीत मोकळे दिसले आणि सौदा ठरला. ओसरीत बायांनी टाळ्या पिटल्या.

"पण ताई, ते मागे पत्रा घेऊन उभे होते, ते कोण?" गृहस्थांनी विचारले.

गुंजन अडखळली. आता आपली ओळख होणार, म्हणून तुलारामजींनी तोरण सरळ केले आणि मान ताठ केली.

"काही नाही जी," ताट उचलता उचलता गोदावरीबाई म्हणाल्या, "आमच्या घरचा ढग हाये. सरकला का सारं साफ दिसते."