यमूताईंची चोच सिस्टीमला जोडली, त्याची गोष्ट

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांची कामं अगदी सुरळीत चालली होती. सिंहमहाराजांना ते काही बघवेना. त्यांनी रंगराव सरड्यांना बोलावलं आणि एक सिस्टीम बसवायला सांगितली.

रंगराव भारी हुशार. ते म्हणाले, नवं काही बनवायचंच नाही. जंगलात जी टूल्स आहेत तीच एकाला एक जोडू. भोकं सुतार पक्षी पाडेल, धागा कोळीण देईल, चुकलं की पोपट 'एरर' म्हणून ओरडेल. या टोकाला ऑर्डर द्या, त्या टोकाला घरटं घ्या.

पहिली ऑर्डर यमूताई शिंपिणीची. शिंपीण म्हणजे चोचीने पानं शिवून घरटं करणारा इवलासा पक्षी हो. यमूताईंचे दिवस भरत आले होते. अंडी आज घालू की उद्या अशी गत, आणि घरट्याचा पत्ता नाही. बिचारीला घास गोड लागेना.

सुतार पक्ष्याने पानाला भोक पाडलं. भोक राहिलं, पान गेलं. पोपट ओरडला. रंगरावांनी निकाल दिला, सुतार हे चालतं टूल आहे, त्याला हात लावायचा नाही, पान बदला. पानाच्या जागी सागाचं खोड आलं. भोकं झकास पडली, पण त्यांत कोळिणीचा धागा सैल पडायला लागला. म्हणून चिखल भरायला मध्ये वाळवी जोडली. वाळवीने खोडच खाल्लं. ओरडून ओरडून पोपटाचा घसा बसला, तेव्हा त्याला दुसरा पोपट जोडला.

"साहेब, मीच शिवू का?" यमूताईंनी विचारलं.

"तुम्ही युजर आहात, ताई. युजरने वाट बघायची."

पण अंडी कसली थांबताहेत! यमूताईंनी मुकाट्याने दोन पानं ओढली आणि दुपारच्या आत घरटं शिवून टाकलं. त्यात तीन अंडी घातली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

नेमके महाराज पाहणीला आले. घरटं बघून खूश झाले. सिस्टीम चालली म्हणून रंगरावांना बढती दिली. जाता जाता त्यांची नजर यमूताईंच्या चोचीवर गेली.

"हे टूल बाहेर कसं राहिलं? जोडून टाका."

झालं, चोच जोडली गेली. यथावकाश पिल्लं बाहेर आली आणि भुकेने कलकलाट करू लागली. यमूताईंनी अळी टिपायला चोच उघडली, तोच रंगराव धावत आले.

"थांबा, ताई. तुमचा नंबर चौथा. आधी सुतार अळीला भोक पाडेल."

पिल्लं आ वासून बघत राहिली.

तात्पर्य: आपलं काम आपल्याला येत असेल, तर ते वेळेत पूर्ण करून दाखवण्याचा आगाऊपणा करू नये.