इंजिनाची खंडेनवमी

शांतिनाथ चौगुले शेडमध्ये शिरले आणि दारातच थबकले. चाचणीच्या चौथऱ्यावरच्या रॉकेट इंजिनाच्या गळ्यात झेंडूची माळ होती. त्या यंत्राचं कपाळ नेमकं कुठं, हे विद्यापीठात कुणालाच ठाऊक नव्हतं. आकाराम मिस्त्रीनं मात्र ते शोधून त्यावर कुंकवाचा मळवट भरला होता. समोर नारळ, लिंबू, ज्वारीची कणसं. पाटावर पान्हे, पकडी, कानशी घासूनपुसून हारीनं मांडलेल्या.

"आकाराम, हे काय?"

"खंडेनवमी न्हवं का, साहेब! आज हत्यारांचा मान."

"अरे, दिल्लीची समिती येतीय आज! त्यांच्यासमोर इंजिन पेटवायचं आहे."

"मग उद्या पेटवू की. आवं, पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याशिवाय हालवत न्हाईत."

शांतिनाथांनी घड्याळात बघितलं. माधवनगरात त्यांच्या वडिलांचा ओतकामाचा कारखाना होता. केरळातल्या रॉकेटवाल्यांना कड्या आणि झाकणं करून देता देता चिरंजीवांच्या डोक्यात अंतराळ शिरलं आणि बंद गिरणीच्या शेडवर 'अंतराळ तंत्र विद्यापीठ' अशी पाटी चढली. पाटी लागली, ऊसवाल्यांची आणि फौजींची पोरं शिकायला आली, पण सरकारची मान्यता काही येईना. आता त्र्याहत्तर सालची ही समिती साताऱ्याच्या डाक बंगल्यातून निघाली होती. समितीच्या अध्यक्षांनी सही केली तर पोरांच्या हातात पदवी, नाहीतर पोरांनी गावाकडं जाऊन काय सांगायचं, हा विचारसुद्धा त्यांना सोसत नव्हता.

"लिंबू बघितलं तर ते म्हणतील, हे विद्यापीठ नव्हे, भगताचा मठ आहे. काढ सगळं."

"मी न्हाई काढणार. ज्यानं वर्षभर भाकरी दिली त्याला एक दिस इसावा न्हाई व्हय?" आकारामनं उदबत्ती लावली, नमस्कार केला आणि सरळ बाहेर लिंबाखालच्या बाजेवर जाऊन बसला. कोठीची किल्ली त्याच्या करदोट्यालाच होती. तीही गेली.

तेवढ्यात रस्त्यावर मोटारीचा हॉर्न वाजला. शांतिनाथांनी कृष्णात नावाच्या तरुण प्राध्यापकाला हाक मारली. "हत्यारं राहू देत, पूजेचं बाकी सगळं उचल आणि कुठंतरी दडव. लवकर!" स्वतः ते रॉकेलचा बोळा घेऊन कुंकू पुसायला लागले. कुंकू पुसण्यात किती पाप असतं ते आठवून त्यांनी मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हटला आणि बोळा आणखी जोरात फिरवला.

पाहुणे आले. अध्यक्ष शेषगिरी मूळचे धारवाडचे. उंच, टकलू, पांढरा शुभ्र कोट आणि चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. त्यांना अंगणातल्या वाळूच्या पोत्यांमागं उभं करताना शांतिनाथांनी कृष्णातला हळूच विचारलं, "कुठं ठेवलंस रे?"

"काळजी करू नका, सर. कुणालाच दिसणार नाही अशा ठिकाणी."

शांतिनाथांना हायसं वाटलं. त्यांनी हात वर केला, कृष्णातनं बटण दाबलं, इंजिन डरकाळी फोडून पेटलं. ज्वाळा नेहमीप्रमाणं समोरच्या जाड लोखंडी नळीत शिरली. या नळीचं दुसरं तोंड बाहेर अंगणात आकाशाकडं वळवलेलं होतं, आणि कृष्णातला कोठी बंद दिसल्यावर हीच जागा सापडली होती.

आधी लिंबू गेलं. मग झेंडू, हळद, कुंकू आणि कणसं एकदमच वर उडाली आणि सगळ्या समितीवर सावकाश बरसू लागली. नारळ मात्र सर्वांत उंच गेला. परत आला तो थेट मोटारीच्या टपावर बसून फुटला.

इंजिन थांबलं. शेषगिरींच्या टकलावर कुंकू होतं, खांद्यावर अर्धी जळालेली माळ. त्यांनी एक पाकळी हुंगली.

"ही पूजा होती?"

"होय, सर. म्हणजे... आम्ही काढली होती. विज्ञानाच्या दृष्टीनं..."

"काढली?" शेषगिरींचा आवाज चढला. "आज आमच्याकडं कोणी हत्याराला बोट लावत नाही हो! मी स्वतः माझं पेन साताऱ्याच्या बंगल्यात पूजेत ठेवून आलोय. जिथं यंत्राला एक दिवस मान नाही, तिथं मुलं काय शिकणार?"

शांतिनाथांची पाचावर धारण बसली. ज्या माणसाला पूजा दिसू नये म्हणून एवढा आटापिटा केला, तोच पूजा मोडली म्हणून मान्यता घालवायला निघाला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शेषगिरी तडक लिंबाखाली गेले आणि बाजेवर आकारामच्या शेजारी बसले. "पूजा तुम्ही मांडलेली?"

"व्हय जी."

"मोडली कोणी?"

आकारामनं शांतिनाथांकडं बघितलं. शांतिनाथांनी मान खाली घातली. या माणसाचं म्हणणं आपण सकाळी धड ऐकूनही घेतलं नव्हतं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"मोडंल कोण, सायेब?" आकाराम म्हणाला. "लांबनं पावनं आलं. देवालाच वाटलं, बसून काय आशीर्वाद द्यायचा? उठला आन् दिला तुमच्या डोस्क्यावर."

शेषगिरींनी टकलावरून हात फिरवला, लाल झालेली बोटं बघितली आणि आल्यापासून पहिल्यांदाच हसले. "बरं. उद्या दसरा. पेन घेऊन येतो, सोनंही लुटू आणि सहीही करू."

मोटार गेली तसे शांतिनाथ आकारामजवळ आले. "वाचवलंस गड्या. आता काय देऊ तुला?"

आकारामनं हात पुढं केला. "तुमचं पेन द्या."

त्यानं ते शेडमध्ये नेऊन चौथऱ्यावर ठेवलं, त्यावर कुंकू वाहिलं आणि वर एक फूल टेकवलं. तेवढ्यात कृष्णात एक कागद घेऊन धावत आला.

"सर, मोटारीच्या टपाच्या दुरुस्तीचा अर्ज. तेवढी सही..."

"उद्या आण," शांतिनाथ हात जोडूनच म्हणाले. "पेन पूजेत आहे."