मिशीतून शिरलेला समुद्र

थायलंडच्या सहलीचं पत्र आलं तेव्हा उदय तांबे यांनी ते आधी बायकोला नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीला दाखवलं. पंपांच्या कंपनीत अठरा वर्षं काढल्यावर ऑफिस नवरा-बायकोला परदेशी पाठवतंय, ही काही घरात ठेवण्यासारखी गोष्ट नव्हती. मीरा रोडला पूनम सागरमधल्या त्यांच्या इमारतीत तोवर विमानाने सगळ्यात लांब गेलेला माणूस म्हणजे हाच सेक्रेटरी, शशिकांत राऊत. तोही इंदूरपर्यंत.

"यात स्कूबा डायव्हिंग लिहिलंय," शशिकांत म्हणाला. "म्हणजे समुद्राच्या तळाशी. तुम्ही करणार?"

"करणार म्हणजे काय, करणारच," तांब्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "आल्यावर सीडी दाखवतो सगळ्यांना."

मिशी बावीस वर्षांची, लग्नाच्याही आधीची. जाड, काळीभोर आणि ओठावर भरपूर उतरलेली. तांब्यांना पोहता येत नव्हतं, पण मिशी असलेल्या माणसाला तसं कोणी विचारत नाही.

पंचशीलाबाई भाईंदरच्या शाळेत भूगोल शिकवत. सोळा वर्षं त्या फळ्यावर गुलाबी खडूने प्रवाळाचा खडक काढत आल्या होत्या. खरा कधी पाहिला नव्हता. पत्र वाचून त्यांनी खरेदीचं नाव काढलं नाही. एवढंच विचारलं, "प्रवाळ जवळून दिसेल का हो?"

"हात लावता येईल इतक्या जवळून," तांबे म्हणाले.

"हात लावायचा नसतो," पंचशीलाबाई म्हणाल्या.

थायलंडमध्ये त्यांना डायव्हिंग शिकवायला नोक नावाची एक हसरी, शिडशिडीत मुलगी होती. बोटीवर तिने सोप्या इंग्रजीत समजावलं. खरा खडक लांब आहे आणि तिथे पाण्याला ओढ फार. म्हणून नवख्यांसाठी या शांत खाडीत सिमेंटचे मोठे चौकोन आणि एक जुनी फेरीबोट मुद्दाम बुडवली आहे. दहा वर्षांत त्यावर प्रवाळ धरलं, मासे राहायला आले. खोली फक्त सहा मीटर. पोहता नाही आलं तरी चालतं.

"आपला मीरा रोडच की," तांबे बायकोला म्हणाले. "आधी सिमेंट, मग वस्ती."

नियम एकच होता. दोन पाहुण्यांमागे एक शिक्षिका, त्यामुळे तिघांनी एकत्र राहायचं. एक वर आला की तिघंही वर.

पहिल्या वेळी ते जेमतेम डोकं बुडेपर्यंत गेले आणि तांब्यांच्या मास्कमध्ये पाणी आलं. मास्क कातडीला घट्ट चिकटावा लागतो. तांब्यांची कातडी तिथे मिशीखाली होती. केसाकेसातून समुद्र आत शिरला, नाकात गेला, आणि ते हातपाय झाडत वर आले. मागोमाग दोघी.

"प्रॉब्लेम?" नोकने विचारलं.

"नो प्रॉब्लेम," तांबे खोकत म्हणाले.

दुसऱ्या वेळी ते दोन मीटर खाली गेले. पंचशीलाबाईंना सिमेंटचा एक कोपरा दिसला, त्यावरून जाणारा पिवळा मासा दिसला, आणि तेवढ्यात त्यांना वर बोलावण्यात आलं. मग नोकने मिशीला व्हॅसलीन थापलं. तिसऱ्या वेळी मास्क गळला नाही, घसरला. तांबे वर आले तेव्हा तो त्यांच्या कपाळावर होता.

बोटीवर ऑफिसातलं दुसरं जोडपं खाली जाऊन आलं होतं आणि केळी खात माशांचे रंग सांगत होतं. पंचशीलाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुम्ही त्रास नका करून घेऊ," त्या हळूच म्हणाल्या. "फळ्यावर काढते तेवढं पुरे आहे मला."

आरडाओरडा केला असता तर तांब्यांना सोपं गेलं असतं. हे वाक्य मात्र त्यांच्या मिशीपेक्षा आत गेलं. त्यांनी नोककडे वळून दोन बोटांची कात्री करून दाखवली.

नोक खूश झाली. नाकाखालची बारीकशी पट्टी कापली तरी पुरेल, वरून कळणारही नाही, असं तिने सांगितलं. बोटवाल्याने कात्री दिली. पंचशीलाबाईंनी नवऱ्याची हनुवटी धरली, नेम धरला, आणि शेजारून एक मोठी बोट गेली. लाट आली.

"काय झालं?" तांब्यांनी विचारलं.

"थोडी वाकडी झालीय."

"किती?"

"डावीकडे आहे. उजवीकडे होती."

मग डावीकडची उजवीच्या मापाची करायला घेतली. ती जास्त उडाली. पाच मिनिटांनी उरलं ते पाहून बोटवाल्याने आपणहून स्वतःचा वस्तरा पुढे केला. शेवटी तांब्यांनी वरच्या ओठावरून बोट फिरवलं तेव्हा त्यांना वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या तोंडाला हात लावला.

चौथ्या वेळी मास्क असा बसला की ओढूनही निघेना. पाहुण्यांचं शूटिंग करून सीडी देणारा माणूसही याच वेळी कॅमेरा घेऊन आला.

ते खाली गेले. सिमेंटच्या चौकोनांवर जांभळ्या फांद्या फुटल्या होत्या आणि खिडक्यांतून यावं-जावं तसे मासे आत-बाहेर करत होते. पंचशीलाबाई दोन्ही हात पाठीमागे बांधून, वर्गात फिरावं तशा, एकेका चौकोनापुढे थांबत होत्या. बुडालेल्या फेरीबोटीपाशी त्यांनी तांब्यांचा हात धरला आणि वर येईपर्यंत सोडला नाही. तांबे भीतीने अर्धमेले होते, पण तसं दाखवायला तोंड मोकळं नव्हतं.

"गुलाबी नाही हो, जांभळं असतं," वर आल्याबरोबर पंचशीलाबाई म्हणाल्या. "सोळा वर्षं चुकीचा खडू वापरला मी." त्या रात्रीच्या जेवणापर्यंत बोलत होत्या.

परतताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टातल्या फोटोवरच्या मिशीवर अंगठा ठेवला, तांब्यांकडे पाहिलं, अंगठा काढला, पुन्हा पाहिलं. पाच मिनिटांनी सोडलं. घरी आले तर पंचशीलाबाई रिक्षातून बॅगा उतरवत असताना वॉचमन महिपतने गेटवर तांब्यांना अडवलं.

"किधर जाना है?" त्याने विचारलं.

नऊ वर्षं सलाम ठोकणाऱ्या माणसाला हे तोंड आपलंच आहे, हे सांगायची तांब्यांना लाज वाटली. त्यांनी रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव 'शहा' असं लिहिलं, 'कोणाकडे' या रकान्यात 'तांबे', आणि स्वतःच्याच घरी पाहुणे म्हणून गेले.

आरशात पाहून त्यांनी ठरवलं, हे तोंड कुणाला दाखवायचं नाही. महिनाभर ते नाकातोंडाला रुमाल बांधून येत-जात राहिले. रस्ते खोदलेले होते, धुळीची ॲलर्जी सगळ्यांना पटली. शशिकांत सीडीची आठवण करून द्यायचा. "जरा बरं वाटू दे," तांबे रुमालातून म्हणायचे. मिशी पूर्वीसारखी झाली त्या रविवारी त्यांनी रुमाल सोडला आणि सगळ्यांना चहाला बोलावलं.

सीडी सुरू झाली. बोटीवर पंचशीलाबाई स्पष्ट दिसत होत्या. त्यांच्या शेजारी एक सफाचट, गोरट्या ओठाचा माणूस मास्क चढवत होता.

"वहिनी, हे कोण?" शेजारच्या सुचेताने विचारलं.

"हेच की," पंचशीलाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग तांब्यांच्या मिशीकडे.

"काढली होती मी," तांबे म्हणाले.

"तुम्ही? मिशी?" शशिकांत समजूतदारपणे हसला.

पडद्यावर पंचशीलाबाईंनी त्या माणसाचा हात धरला. खोलीत कुणीतरी खाकरलं. सुचेता बशीतल्या बिस्किटाकडे पाहू लागली.

"इन्स्ट्रक्टर असेल," शशिकांतने वाट काढली, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

"किती शांत आहे ना तो," सुचेता म्हणाली. "जरा म्हणून घाबरलेला नाही."

तांब्यांनी पडद्याकडे पाहिलं. फेरीबोटीपाशी तो माणूस खरोखरच निवांत तरंगत होता. खरं सांगायचं तर त्यांनाही तो ओळखीचा वाटला नाही.

"मग तांबे, तेव्हा तुम्ही कुठे होतात?" शशिकांतने विचारलं.

पंचशीलाबाई काही बोलणार, एवढ्यात तांब्यांनी चहाचा घोट घेतला आणि रुमालाने मिशी पुसली.

"वर, बोटीवर," ते म्हणाले. "सगळ्यांच्या चपला सांभाळत होतो."

हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं.